ताशी पाच मिलीमीटर

या, असे पुढे सरका. दारात बसू नका, उजेड अडतो. काचवाले, तुम्ही त्या स्टुलावर बसा, पण जपून, त्याचा एक पाय रुसलेला आहे. आणि वेल्डर, तू आधी पाणी पी. सकाळपासून ठिणग्या उडवतोयस, घसा कोरडा पडला असेल. लेकीला मी बसच्या आगारात पाठवलंय. तीन गाड्यांच्या कडेच्या रेघा मारायच्या आहेत, पाचच्या आत काही ती येत नाही. आपल्याला चारपर्यंत वेळ आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. कुणाकडून ऐकलेली नाही. डोळ्यांनी पाहिलेली आणि पट्टीने मोजलेली.

तुम्ही मला पेंटर म्हणून ओळखता. पण चाळिशीपर्यंत मी नकाशे काढत होतो. जमिनीखालून जाणाऱ्या पाण्याच्या नळांचे. टोकदार पेन, स्टीलची पट्टी, गुण्या, आणि मिलीमीटरचीही चूक नाही. मग कार्यालयात यंत्रं आली आणि आम्हा सहा जणांना हार घालून घरी पाठवलं. घरी बायकोला सहावा महिना. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर देवाने पदरात घातलेलं, म्हणजे बघा, मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. अशात आत्याचा निरोप आला, "हात रिकामे असतील तर इकडे घेऊन ये. डोकं विसरलास तरी चालेल."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, रंगात बुडाली. ही जागा तिचीच. हे कपाट, ती खिडकी, सरावाची ही काच, सगळं तिच्या हातचं. दुकानांच्या पाट्या, दारावरची नावं, बोटींची नावं, आणि बस, सायकल, मोटारसायकल यांच्या अंगावरच्या बारीक रेघा. पाच हात लांब रेघ ती नुसत्या हाताने ओढायची. करंगळी पत्र्यावर टेकलेली, ब्रशचे केस बोटभर लांब, आणि रेघ अशी उमटायची की पत्र्यातच होती, हिने फक्त वरची धूळ पुसली.

पहिल्या दिवशी मी खिशातून पट्टी काढली, तर ती हसून हसून खाली बसली.

"अरे, ही काय आणलीस?"

"सरळ यायला हवी ना, आत्या?"

"सरळ यायला पट्टी लागते, जिवंत यायला हात लागतो. ठेव ती. आजपासून तुझं नाव पट्टीवाला."

महिनाभर मला फळी मिळाली नाही. फक्त काच. सकाळी काचेवर रेघा ओढायच्या, संध्याकाळी टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायच्या. शंभरातल्या नव्याण्णव थरथरायच्या. एके दिवशी ती मागे येऊन उभी राहिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास धरून ठेवतोस तू. म्हणून हात कापतो. आधी छाती भरून घे. मग सोडत सोडत ओढ. रेघ म्हणजे काय, दिसणारा श्वास. ती संपेपर्यंत आत घ्यायचा नाही. संपली, ब्रश उचलला, की मग घे."

त्या दिवशी पहिली रेघ आली. मी लहान मुलासारखं तिला ओढत काचेपाशी नेलं. ती काम करताना नेहमी देवाचं काहीतरी गुणगुणायची, आवाज गोड होता. त्या दिवशी माझ्या रेघेसाठी तिने एक आख्खं कडवं म्हटलं आणि त्याचा अर्थही समजावून सांगितला. अर्थ मला अजून पाठ आहे. आलेलं तुझं नाही, गेलेलंही तुझं नाही, मधे जेवढं हातून घडलं तेवढं नीट घडू दे.

आता इथला एक नियम सांगतो, कारण गोष्ट त्याच्यावर उभी आहे. आपली अक्षरं डोक्यावरच्या रेघेला लटकतात. शाळेत आपण अक्षर काढतो आणि लगेच डोकं झाकतो. आत्याच्या हाताखाली तसं चालत नसे. आधी खडूच्या खुणेवर सगळी अक्षरं काढायची, बोडकी. ती वाळू द्यायची. मग पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, शब्दांमध्ये न तुटता, एका श्वासात एकच रेघ. त्या अखंड रेघेवरून लोक लांबून ओळखायचे की पाटी आमच्याकडची. आणि दारावरच्या नावाची रेघ, ज्याचं नाव तो माणूस समोर उभा असल्याशिवाय ओढायची नाही. का, म्हणून मी विचारलं होतं.

"नाव त्याचं आहे. डोकं झाकताना त्याने बघायला नको?" एवढंच म्हणाली.

मी इथे आल्याच्या चौथ्या महिन्यातला सोमवार. बायकोला नववा चाललेला. आत्या एका बोटीवर नाव घालायला गेली होती, मुक्काम पडणार होता. दुपारी बाराच्या सुमारास दारात एक माणूस आला. चाळीस म्हणा, साठ म्हणा. इस्त्रीचे कपडे, स्वच्छ नखं. उंबऱ्याच्या आत आला नाही. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी फळी होती, हातभर लांब, रंग देऊन घासून तयार केलेली. आमच्याकडे गिऱ्हाईक फळी घेऊन येत नाही, फळी आम्ही देतो. पण काम इतकं सफाईदार होतं की मी नुसता अंगठा फिरवत राहिलो.

"दारावर लावायची आहे," तो म्हणाला. "पांढरी अक्षरं. रेघ राहू द्या. रेघेला मी गुरुवारी चारला येतो."

मला बरं वाटलं. नियम माहीत असलेला माणूस. नाव विचारलं. त्याने हळूहळू सांगितलं, एकेक शब्द तोंडात घोळवून. मी लिहून घेतलं आणि हसायला लागलो.

"अहो, हे तर माझंच नाव! वडिलांचं, आडनावाचं, सगळं तेच!"

"हो का? चांगलं नाव आहे."

तो गेल्यावर मला कळलं की इतका वेळ मला काय खुपत होतं. आपण बोलतो तेव्हा श्वास बाहेर येतो. बोलून बघा. हा माणूस बोलताना श्वास आत घेत होता. प्रत्येक शब्द आत ओढल्यासारखा. दमा असेल, असं मनाशी म्हटलं आणि ब्रश घेतला.

आणि काचवाले, खोटं कशाला सांगू, माझा हात त्या दिवशी असा चालला की विचारू नका. स्वतःचं नाव होतं ना. शेवटचं अक्षर झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चारचे ठोके पडत होते. खुणेची लांबी मोजली. तीनशे साठ मिलीमीटर. फळी खिडकीपाशी टेकवली, कुलूप लावलं, घरी गेलो.

मंगळवारी सकाळी आठला उघडलं, तर पहिल्या अक्षरावर रेघ होती.

पहिल्यावर पूर्ण, दुसऱ्यावर निम्मी. मला वाटलं आत्या रात्रीच परतली. पण तिच्या चपला नव्हत्या, ब्रश कोरडे होते. मी रेघेवर बोट टेकवलं. कडक. इनॅमल वाळायला आठ तास तरी लागतात. टोकाला बोट लावलं, तर पांढरा ओला ठिपका बोटावर आला.

मी मोजमापाचा माणूस. पट्टी काढली. ऐंशी मिलीमीटर. नऊ वाजता पुन्हा लावली. पंच्याऐंशी. दहाला नव्वद.

मी स्टूल घेऊन समोर बसलो. डोळे ताणले. घड्याळाचा तासकाटा चालताना दिसतो का कधी? तसं. दिसायची काहीच नाही. पण मान वळवून परत बघितलं की टोक खडूच्या पुढच्या कणापाशी गेलेलं. तुम्हाला ठाऊक आहे, ब्रशने ओढलेली रेघ जवळून बघितली की तीत केसांच्या बारीक खुणा असतात. हिच्यात एकही नव्हती. अकराच्या सुमारास मी भाग घालून पाहिला. तीनशे साठ भागिले पाच, बहात्तर तास. सोमवारी चार ते गुरुवारी चार. बाकी शून्य.

दुपारी आत्या आली. अंगाला बोटीच्या रंगाचा वास, हातात रंगवताना टेकू घ्यायची काठी. "काय रे पट्टीवाल्या, भूत बघितल्यासारखा काय बसलायस?" म्हणाली आणि मग तिची नजर फळीवर गेली. काठी तिच्या हातातून खाली पडली नाही, तिने ती सावकाश भिंतीला टेकवली. पदराने चष्मा पुसला. नाव वाचलं.

"बोलताना श्वास आत घेत होता?"

"हो."

"रेघ तू मारलीस?"

"नाही गं. तीच..."

"पुसलीस?"

"बोळा भिजवत होतो."

"ठेव तो. आधी ठेव." इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच मनगटाला धरलं. "मी एकदा पुसली होती. तेवीस वर्षांची होते. नाव माझं होतं. घाबरले, टर्पेंटाइनने सगळं खरवडून काढलं, फळी कोरी करून ठेवली. सकाळी तीवर अक्षरं होती. माझ्या दादाच्या नावाची."

माझे वडील मी आठ वर्षांचा असताना गेले. झोपेत. कारण कुणाला कळलं नव्हतं.

"जाळून टाकू," मी म्हणालो.

"जाळणं काय, पुसणं काय. कोरी राहिली की ती घरातलंच नाव उचलते." माझ्या घरात कोण होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मी बायकोला काही बोललो नाही. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आज खूप लाथा मारतोय, तुमच्यासारखा अस्वस्थ." मी हसलो. तिच्या पोटावर हात ठेवला तेव्हा मनात आकडे चालले होते. दोनशे सत्तर. दोनशे पंच्याहत्तर.

आत्याने मात्र बुधवारी सकाळपासून मला काचेसमोर उभं केलं. दुसरं काम नाही. रेघ. पुन्हा रेघ. पुन्हा. कधी नाही इतकी कडक झाली होती.

"खांदा खाली. काय धोंडा ठेवलाय त्याच्यावर?"

"आत्या, आता शिकून काय करू?"

"आता म्हणजे काय? देवाने दिलेला दिवस आहे ना हातात? मग ओढ. टोक बघू नकोस, टोकाच्या पुढे बघ."

संध्याकाळपर्यंत माझ्या काचेवर शंभरातल्या ऐंशी रेघा जिवंत होत्या. तिने त्या मोजल्या. नंतर कपाट उघडून आपला लांब केसांचा ब्रश काढला, तेलातून पुसला, केस बोटांनी सरळ केले आणि कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. मी म्हटलं, हा तुझा. ती म्हणाली, "उद्या एकदा लागेल. मग तुझाच."

मला समजायला हवं होतं.

गुरुवारी तीन वाजता मोजलं. तीनशे पंचावन्न. शेवटच्या अक्षराची कड तेवढी उरली होती. आत्या म्हणाली, "टर्पेंटाइन संपलंय. कोपऱ्यावरून बाटली घेऊन ये."

"आत्ता?"

"मग काय चार वाजल्यावर आणशील? जा. धावत जाऊ नकोस, नीट जा."

मी गेलो. बुद्धी गहाण पडल्यासारखा गेलो. दुकानात दोन माणसं पुढे होती. परत आलो तेव्हा घड्याळात पावणेचार वाजले होते, आणि दारातच मला टर्पेंटाइनचा वास आला. बाटली माझ्या हातात सीलबंद होती.

फळी टेबलावर आडवी होती.

माझं नाव पुसलं होतं.

कोरी मात्र ठेवली नव्हती. तीवर ओली पांढरी अक्षरं होती, आत्याच्या हातची, तिची ती गोल पोटाची, ठाम पायांची अक्षरं. तिचं स्वतःचं नाव. बोडकं.

"आत्या!"

"ओरडू नकोस, हात हलेल." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीतला ब्रश तिच्या बोटांत होता. "तेव्हा मला एवढंच सुचलं नव्हतं बघ. कोरी ठेवायची नाही. तेवढी एक चूक. दादाला वर भेटले की पाय धरेन."

"अजून वेळ आहे, आपण..."

"पट्टीवाल्या." आवाजात हसू होतं. "आपल्या नावाची रेघ दुसऱ्याने का ओढावी? आणि तीही ब्रशशिवाय! असलं फुकटचं काम मी माझ्या पाटीवर खपवून घेईन का?"

ती गुणगुणत होती. तेच कडवं.

मग गुणगुणणं थांबलं.

तिने छाती भरून श्वास घेतला. करंगळी टेकवली.

रेघ निघाली.

पहिलं अक्षर. दुसरं. मला तिचा श्वास ऐकू येत होता, दोरा रिळावरून सुटावा तसा.

वडिलांचं नाव. आडनाव.

शेवटचं अक्षर.

तिने ब्रश उचलला. टोक बारीक होत होत नाहीसं झालं, कुठे संपलं ते सांगता येणार नाही असं. ब्रश तिने आडवा ठेवला, केसांना धक्का लागू न देता.

मी वाट बघत होतो, ती आता श्वास घेईल.

अजून वाट बघत होतो.

चारला तो आला. उंबऱ्याबाहेर. मी फळी दिली, कारण माझे हात दुसरं काही करायला तयार नव्हते. त्याने ती कडांना धरली, ओल्या रंगाला बोट लागू न देता. वाचली.

"नाव... वेगळं आहे," माझ्या तोंडून निघालं.

"चालतं," तो श्वास आत घेत म्हणाला.

मग माझ्यासमोर उभं राहून त्याने पहिल्यांदाच श्वास सोडला. लांब, एकसारखा, कुठेही न थरथरता. तो श्वास मी ओळखत होतो. नुकताच ऐकला होता. तीनशे साठ मिलीमीटरचा होता.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. बारा दिवसांनी माझी लेक जन्मली. तिचं पहिलं रडणं ऐकताना मी भिंतीला टेकून देवाला हात जोडले आणि त्या हातांना पांढरा रंग होता, तो निघतच नव्हता.

तेव्हापासून जागा मी चालवतो. लेक पाच वर्षांची असल्यापासून काचेवर रेघा ओढते. हात थेट आत्याचा आहे. तिला मी नियम सगळे शिकवले, फक्त त्यामागचं हे कधी सांगितलं नाही. हसत्या पोरीच्या डोक्यात कशाला घालायचं, असं वाटायचं. माझी चूक तेवढी.

या सोमवारी मी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. परतलो तर पोरगी टेबलापाशी उभी, गालाला पांढरा डाग. "बाबा, गंमत बघा. एक गिऱ्हाईक आलं होतं. फळी स्वतःच घेऊन आलं. आणि नाव काय, तर तुमचंच, अगदी आडनावासकट! दमेकरी दिसला बिचारा. रेघ मारली नाही हं, तो गुरुवारी चारला येणार आहे."

वेल्डर, उठू नकोस. बस. ती तिकडे खिडकीपाशी आहे तीच फळी. तुम्ही आल्यापासून बघताय, विचारायला लाजत होतात. अक्षरं बघा किती सुरेख काढलीयत. पुसायची म्हटली असती तरी माझा हात गेला नसता. आणि पुसायची नाहीतच. नाव माझंच आहे, योग्य माणसाचं आहे. मला फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्या रेघेवरूनच, माझी रेघ ओढायची आहे. आत्याच्या ब्रशने. तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठी की पाचला लेक आली तर दारात कुणीतरी ओळखीचं असावं.

आत्ता मोजलं. दीड मिलीमीटर उरलंय. ब्रश तेलातून काढलेला आहे. तुम्ही घाबरू नका, तो आत येत नाही.

एकच मागणं आहे. माझं काही नाही, माझं वय झालंय. रस्त्याने जाताना कुठे हाताने लिहिलेली पाटी दिसली, आणि डोक्यावरची रेघ शेवटी श्वासासारखी विरत गेलेली दिसली, तर क्षणभर थांबा आणि माझ्या आत्याची आठवण काढा. लेकीलाही तिच्याबद्दल सांगा. गाणं सांगा, हसणं सांगा, पट्टीवाला म्हणायची ते सांगा. आणि हे सांगताना, काचवाले, तेवढं एक लक्षात असू द्या, श्वास बाहेर सोडत बोला. मघापासून तुम्ही घाबरून नुसता आत घेताय.